डावी बॅग अखेर हवा धरून बसली

मंडळी, टिकली! माल भरल्यावर गाडीचं मागचं बूड बसू नये म्हणून मागच्या अ‍ॅक्सलवर दोन हवेच्या रबरी बॅगा बसवल्यात, त्यातली डावी गळत होती. काल संध्याकाळी सातला तिच्यात ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं, आज सातला काटा २९.५ वर. उजवीही तेवढीच. तीन आठवडे या एका आकड्यासाठी ढवळीच्या, म्हणजे माझ्या गाडीच्या, खाली लोळत होतो, त्यामुळे आज आधी हे लिहितोय, जेवण नंतर.

मागच्या अपडेटमध्ये ब्रॅकेट बसवले तिथे थांबलो होतो. रबाळ्याच्या फॅब्रिकेटरने काम सुंदर केलंय, अ‍ॅक्सलला कुठेही वेल्डिंग नाही, खालची प्लेट यू-बोल्टने अ‍ॅक्सल ट्यूबवर आणि वरची प्लेट चेसिसला नट-बोल्टने. बॅग पूर्ण फुगल्यावर चारी बाजूंनी निदान बोटभर, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा राहते, ब्रेक पाइपला तर कुठेच स्पर्श नाही. हवा भरली, मागचं बूड उचललं गेलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ढवळी डावीकडे किंचित कललेली. गेज लावला, १७! रात्री ३० होतं.

पहिला संशय हवामानावर गेला. संध्याकाळी पार्किंगमध्ये ३३ अंश, पहाटे पाऊस पडून २६, म्हटलं हवा आकसली असेल. मग कागद घेऊन बसलो. गेजचे ३० म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून खरे ४४.७, त्यात सात अंशांचा फरक म्हणजे सव्वादोन टक्के, म्हणजे जेमतेम एक पीएसआय. तेरा कुठून जाणार? आणि उजवी का नाही पडत तेवढी? तर हवामान सुटलं.

दुसरा संशय व्हॉल्व्हच्या पिनवर. दोन्ही बॅगांना टी (एका नळीच्या दोन करणारा जोड) टाकून एकच व्हॉल्व्ह काढला होता ना, तो टी आधी कापला आणि दोन स्वतंत्र लाइन केल्या, कारण एकत्र असताना कुठली बॅग गळतेय हे कळतच नाही, एक खाली बसली की दुसरीची हवा तिच्यात जाते. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं, गळतीसाठी नाही तर वळणासाठी. वळणावर बाहेरच्या बाजूला वजन आलं की त्या बॅगेतली हवा नळीतून आतल्या बाजूच्या बॅगेत पळते आणि गाडी जास्तच झुकते. गायमुखच्या वळणांवर मला ते जाणवलं होतं, तेव्हा वाटलं टायर असतील. तर ज्यांनी टी टाकलाय त्यांनी काढा. व्हॉल्व्हच्या पिनाही बदलल्या, टायरवाल्याकडे दहा-दहा रुपयांना मिळतात. फरक शून्य.

मध्येच एक गोष्ट कळली, ती नोंदवून ठेवतो. बॅगेत हवा मावते साधारण सव्वा लिटर. टायरला गेज लावला की निघणारी फुस्स कोणी मोजत नाही, पण इथे प्रत्येक वेळी गेज लावला-काढला की एक-दीड पीएसआय जातं. मी दिवसातून चार वेळा बघत होतो, म्हणजे गळतीत माझीही भर पडत होती आणि आकड्यांना काही अर्थच उरला नव्हता. मग प्रत्येक लाइनला छोटा डायल गेज कायमचा बसवला. तेव्हापासून आकडे बोलायला लागले. डावी: रात्री ३०, दहा तासांनी १७. उजवी: ३० ते २६.

आता साबणाचं पाणी. भांड्याच्या साबणाचं दाट पाणी करून ब्रशने सगळ्या जोडांना लावलं. पण पावसात गाडी बाहेरून आलेली, खालून सगळीकडे पाणी टपकतंय, फेस टिकायच्या आत धुऊन जातोय. शेवटी एक अख्खा रविवार गाडी स्टिल्टमध्येच ठेवली, टेबल फॅन लावून खालचा भाग सुकवला आणि मग लावलं. दोन्ही बाजूंना नळी फिटिंगमध्ये शिरते तिथे बारीक फेस, डावीकडे जास्त. नळी तिरकी कापली गेली असेल म्हणून ब्लेडने सरळ कापली, पुन्हा घुसवली. फेस तसाच. नळी ओढून पाहिली तर जराशी हलतेय आत. तेव्हा व्हर्नियर काढला. नळी ६ मिलिमीटर. फिटिंग पाव इंची, म्हणजे ६.३५.

हे वाचणाऱ्यातल्या निम्म्यांना आत्ता आपापल्या गाडीखाली जाऊन बघावंसं वाटेल, जरूर बघा. पुश फिटिंगमध्ये (नळी नुसती दाबून बसवतात ते) आतली दातेरी रिंग ६ ची नळी पकडते, ओढली तर निघत नाही, त्यामुळे बसली असंच वाटतं. पण मागची रबरी ओ-रिंग ६.३५ साठी असते, तिला पुरेसा दाबच मिळत नाही. माझं किट युनिव्हर्सल, अमेरिकन मापाचं, सगळं इंचात. नळी कमी पडली म्हणून मी इथूनच वाढीव घेतली आणि दुकानदाराने सहज ६ ची दिली, आपल्याकडे सगळे तीच वापरतात. तिथेच मी मापाची नळी मागायला हवी होती.

शनिवारी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठली. तिथल्या गल्लीत तासभर फिरलं की आपल्या छंदाचं सगळं मिळतं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. ऑनलाइन घेण्यापेक्षा मी कधीही तिथे जाईन. पाव इंची नायलॉन नळी घेतली, पीयू (पॉलियुरेथेन) नाही. पीयू मऊ, वळवायला छान, पण सायलेन्सरच्या जवळून जाणार असेल तर नकोच. नायलॉन कडक असते, वळण मोठं द्यावं लागतं, पण उष्णता आणि खडी दोन्ही सोसते. कापायला नळीचा कटरही घेतला, ब्लेडने कापलेल्या तोंडाकडे आता बघवत नाही.

नवी नळी टाकली. उजवी त्या रात्री ३० ची २९ वर, म्हणजे फक्त थंडीचा एक पीएसआय. उजवी सुटली! मी पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये एकटा उभा राहून हसत होतो. डावी मात्र २३.

तेरावरून सातवर आलं, पण गळतंयच. इथे खरं डोकं फिरलं, कारण आता साबणात काहीच दिसत नव्हतं. बॅगच फुटली असेल, रबराला बारीक भोक असेल असं वाटायला लागलं आणि नवी बॅग म्हणजे पुन्हा मागवणं, पुन्हा कस्टम ड्युटी. बॅग उतरवली, तोंड बंद करून ३० भरलं आणि गच्चीवरच्या पाण्याच्या पिंपात दाबून धरली. रबर स्वच्छ. पण वरच्या प्लेटमध्ये फिटिंग जिथे आट्यांनी बसते तिथून हरभऱ्याच्या डाळीएवढा एक बुडबुडा, मोजले, चार सेकंदांनी पुढचा. गाडीवर असताना तो जोड ब्रॅकेटच्या आड जातो, तिथे ब्रशच पोचत नव्हता.

फिटिंग काढलं, टेफ्लॉन टेप साफ केली, नवी सहा वेढे लावली, कसलं. बुडबुडा. आठ वेढे. बुडबुडा. अजून पाव फेरा कसू का, म्हणून हात शिवशिवत होते, पण प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, तिचे आटे गेले की संपलंच, म्हणून थांबलो आणि सगळं पिशवीत घालून वागळे इस्टेटला लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, फिटिंग हातात घेतलं, ड्रॉवरमधून आटे मोजायचा पिच गेज काढला, कंगव्यासारख्या पात्या असतात तो. एक पाती लावली, दुसरी लावली आणि म्हणाले, "बाळा, हे एकोणीस आहे. तुझी बॅग अठराची. दोघं पाव इंचच, पण गोत्र वेगळं."

तर गोष्ट अशी. बॅगेचं भोक एनपीटी, अमेरिकन: दर इंचाला १८ आटे, आट्याचा कोन ६० अंश. फिटिंग बीएसपी टेपर, ब्रिटिश, जे आपल्या बाजारात सगळीकडे चालतं: १९ आटे, कोन ५५. बाहेरचा व्यास एनपीटीचा १३.७, बीएसपीचा १३.१६, म्हणजे ब्रिटिश थोडं बारीक, त्यामुळे सहज आत जातं, तीन-चार फेरे छान फिरतं आणि मग अडकतं आणि आपल्याला वाटतं घट्ट बसलं. प्रत्यक्षात आटा आट्यात बसलेलाच नसतो, एकमेकांवर चढलेला असतो आणि मधून हवेला गोल गोल वाट राहते. टेप कितीही गुंडाळा, ती वाट बुजत नाही. काका म्हणाले अर्धा इंची असतं तर दोन्हीकडे चौदाच आटे, फक्त कोन वेगळा, तिथे लोक दामटून नेतात. पाव इंचाला ते चालत नाही.

उजव्या बाजूला किटमधलं मूळ फिटिंग होतं. डाव्या बाजूचं बॉक्समध्ये आलंच नव्हतं आणि ज्याच्याकडून किट घेतलं त्याने "पाव इंच म्हणजे पाव इंच, कुठलंही चालतं" असं सांगून इथलंच एक पाठवलं होतं. मला त्या वाक्याचा राग येतो, कारण चुकीचं फिटिंग बसतं, पहिल्या दिवशी हवा धरतं आणि रात्रभरात बॅग रिकामी होते. रिकाम्या बॅगेवर गाडी चालवली की रबर घड्यांमध्ये चिमटतं आणि तिथेच फाटतं. म्हणून तर या बॅगांना कायम किमान ५ पीएसआय ठेवायचं सांगतात. विकणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं.

काकांनी पितळेचं एनपीटी फिटिंग शोधून दिलं, बॅगेचे आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून हलक्या हाताने साफ केले, सुदैवाने फक्त पहिला आटा दबला होता. टेपऐवजी लॉक्टाइट ५७७ (आट्यांचं सीलंट) लावलं. ते फक्त धातू-धातूच्या जोडाला, प्लॅस्टिकच्या फिटिंगला लावू नका, तडकतं. एक रात्र सुकू दिलं, पिंपात बुडवलं. दहा मिनिटं पाण्यावर नजर लावून बसलो, एकही नाही. काकांनी पैसे घेतले नाहीत, उद्या त्यांना चिवड्याचा डबा देतोय.

आता थोडं आनंदाचं. परवा टोकावड्याच्या शेतावर सिमेंट न्यायचं होतंच, दहा गोणी, म्हणजे बरोबर ५०० किलो, यापेक्षा चांगलं मोजमापाचं वजन नाही. बॅगेत ५ असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, सिमेंट भरल्यावर ७० मिलिमीटर खाली. दोन्हीकडे ३० भरलं, फक्त १६ खाली. हिशोबही जुळतो: बॅगेचा व्यास साडेचार इंच, क्षेत्रफळ जवळपास १६ चौरस इंच, गुणिले ३० म्हणजे ४८० पौंड, एका बाजूला २१८ किलो. कागदावरचा आकडा गाडीखाली दिसला की जो आनंद होतो तो तुम्हाला वेगळा सांगायला नको. आणि हेडलाइट! पूर्वी भरलेली गाडी घेऊन रात्री मुरबाड रोडने जायचो तर समोरचा प्रत्येक जण डिपर मारायचा. पार्किंगच्या भिंतीवर रिकाम्या गाडीच्या प्रकाशाची खडूची रेघ होती, भरलेल्या गाडीचा प्रकाश आता तिच्या जेमतेम चार बोटं वर. परवा एकानेही डिपर मारला नाही.

कळंबोलीच्या कमानवाल्याने मागच्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढव म्हणून सांगितलं होतं, बऱ्याच जणांचं मत तेच आहे. मी अजूनही म्हणतो, रोज भरलेली धावत असेल तर पाटा उत्तम. पण माझी ढवळी पाच दिवस रिकामी, मागे आई बसते, तिच्या कमरेला तो पाटा सोसणार नाही. आणि हवेने वजन उचललं म्हणजे गाडीची क्षमता वाढली असं नाही, आरसीवर लिहिलेलं वजन तेच राहतं, अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर तेच असतात.

पुढचा प्लॅन केबिनमध्ये गेजचा होता. ट्रकच्या एअर ब्रेकचा दोन काट्यांचा गेज असतो ना, कळंबोलीला जुन्यात मिळतो, डॅशबोर्डवर देखणा दिसला असता, एक काटा डावीचा एक उजवीचा. पण हे लिहितालिहिता हिशोब केला, त्याचं स्केल दर चौरस सेंटीमीटरला १० किलोपर्यंत आणि आपले ३० पीएसआय म्हणजे २.१. काटा पहिल्या पाचव्या भागातच राहणार, दोन पीएसआयचा फरक दिसणारही नाही. शिवाय केबिनपर्यंत नळी म्हणजे आणखी चार जोड आणि जोडांचं काय होतं ते नुकतंच पाहिलंय. रद्द. गेज मागच्या बंपरच्या आतच राहतील. कॉम्प्रेसरही रद्द, सायकलच्या पंपाने पंधरा-वीस स्ट्रोकमध्ये एक बॅग भरते. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या मशीनने मात्र भरू नका, एवढ्याशा जागेत हवा एकदम घुसते.

त्यापेक्षा मोठं काम परवा माल घेऊन मुरबाड रोडने जाताना लक्षात आलं. ओल्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक मारला तर पुढचं नाक खाली गेलं आणि मागचा जोर नेहमीपेक्षा कमी वाटला. घरी येऊन खाली पाहिलं, एलएसपीव्ही नावाच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हचा दांडा. तो अ‍ॅक्सल आणि चेसिसमधलं अंतर बघून ठरवतो की मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचं: गाडी बसली म्हणजे माल आहे, प्रेशर वाढव. आता ५०० किलो असूनही गाडी बसलेलीच नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने ती रिकामी. हे मला गळतीपेक्षा जास्त गंभीर वाटतंय, म्हणून ते नीट होईपर्यंत मालाच्या वेळी बॅगेत १५ च्या वर जाणार नाही, थोडी बसली तरी चालेल. दांड्याची लांबी अंदाजाने स्वतः बदलणार नाही, ब्रेकवाल्याकडे प्रेशर गेज लावून, रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा मोजून घेणार आहे. कोणी बॅग बसवल्यावर एलएसपीव्ही सेट करून घेतला असेल तर दांड्यावरची आधीची आणि नंतरची मापं पाठवा. बुधवारी गाडी न्यायची आहे, त्याआधी मिळाली तर बरं.