विहिरीतली तांबडी माती

शनिवार, रात्री

सोमवारपासून मुलांची व्हीबीएस, म्हणजे चर्चमधली सुट्टीतली बायबल शाळा आहे आणि आठ ते बारा वयाचा गट यंदाही माझ्याकडेच आला. विषय, सृष्टीची उत्पत्ती. गेली अकरा वर्षं हा धडा मी घेत आले. तक्ते तयार आहेत, गाणं पाठ आहे. झोपेत उठवलं तरी कुठल्या दिवशी काय झालं ते सांगेन. पण आज तक्ते काढून बसले आणि पुढे काही सुचेना. शेवटच्या तक्त्यावर खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'हे सर्व सुमारे ६००० वर्षांपूर्वी घडले.' परवा हे वाक्य मुलांसमोर धरायचं की नाही, तेच ठरत नाही.

कारण गुरुवारी पाहिलेली विहीर.

दादाने यंदा कोरेगावकडच्या रानात नवी विहीर काढायला घेतली. यारी लावलीय, रोज सुरुंग उडतात, पस्तीस फूट गेलेत आणि अजून पाण्याचा पत्ता नाही. मी डबा घेऊन गेले होते. मोठा भाचा सुट्टीला आलाय, तो काठावर बसून खाली बघत होता. पुण्यात भूशास्त्र शिकतो तो. नाताळानंतर आमचं धड बोलणं झालं नव्हतं, आणि चूक माझी होती. नाताळच्या जेवणाला तो सह्याद्रीच्या दगडांविषयी सांगत होता. हे सगळे लाव्हाचे थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक साचलेले, असं. मी त्याला मधेच तोडलं. नोहाच्या जलप्रलयात सगळं झालं, दोन पुस्तकं शिकलास म्हणून देवापेक्षा शहाणा झालास का, असं सगळ्यांसमोर बोलले. त्याने हातातलं ताट ठेवलं आणि अंगणात गेला. तो दर रविवारी न चुकता उपासनेला जाणारा मुलगा आहे. एवढं तरी मी लक्षात ठेवायला हवं होतं.

गुरुवारी त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "आत्या, जरा वाकून बघ." मी बघितलं. वर हात-दोन हात काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण सरळ खाली गेलेला. आणि साधारण पंचवीस फुटांवर, पाषाणाच्या मधोमध, एक तांबडा पट्टा. हातभर जाडीचा. भट्टीतून काढलेल्या विटेचा रंग. त्याच्या खाली पुन्हा काळा पाषाण.

कामगारांनी वर काढलेल्या ढिगातून त्याने त्या पट्ट्यातलं एक ढेकूळ आणून माझ्या हातावर ठेवलं. बोटाने दाबलं तर चुरलं. बोटं लाल झाली. दगड नव्हता तो, माती होती.

तो म्हणाला, "खालचा थर आधी वाहत आला, थंड झाला, उघडा पडला. त्याच्यावर ऊन, पाऊस. वरचा भाग झिजून झिजून त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा आला, त्या मातीवरून वाहिला आणि त्याने ती भाजून काढली. म्हणून ती अशी लाल. पाण्याखाली माती अशी भाजली कशी जाईल, आत्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबा दिला आणि दुपारच्या एसटीने साताऱ्याला आले. ढेकूळ रुमालात बांधून आणलंय. आत्ता टेबलावर आहे.

रविवार, दुपार

सकाळी उपासनेत मन लागलं नाही. घरी येऊन पप्पांचं जुनं इंग्रजी बायबल काढलं. काळी कातडी बांधणी, पाठ निसटलेली, पानांना तंबाखूच्या पेटीसारखा वास. पप्पा मला मांडीवर घेऊन त्यातली अक्षरं दाखवायचे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, दोन स्तंभांच्या मधल्या बारीक रकान्यात ४००४ हा आकडा छापलेला आहे. त्याच्याखाली पप्पांनी पेन्सिलीने रेघ मारलीय. लहानपणी मला वाटायचं, हा आकडाही पुस्तक लिहिणाऱ्या मोशेनेच लिहिला.

तो आकडा आला आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांच्याकडून. १६५० साली त्यांनी हिशेब प्रसिद्ध केला. आदामापासूनच्या वंशावळी, राजांच्या कारकिर्दी, परदेशी इतिहासातल्या तारखा, सगळं जुळवत ते मागे गेले आणि इ.स.पू. ४००४ च्या ऑक्टोबरात, २३ तारखेच्या आदल्या संध्याकाळी येऊन थांबले. विद्वान माणूस, मेहनत प्रचंड, मनात देवाविषयी आदर. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात या तारखा छापायला लागले आणि माझ्या पप्पांसारख्या कितीतरी भाविकांनी समास आणि वचन एकत्रच वाचलं. पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्या मात्र शास्त्राचं ग्रीक भाषांतर वापरत. त्यात पूर्वजांची वयं वेगळी आहेत, म्हणून त्यांचा हिशेब इ.स.पू. ५५०९ वर गेला. दोन्हीकडचे लोक देवभीरू, दोघांच्या हातात पवित्र शास्त्र, आणि फरक दीड हजार वर्षांचा. शास्त्र स्वतः कुठेच आकडा सांगत नाही. इतकी वर्षं मुलांना शिकवताना मी ही एक गोष्ट तपासली नव्हती.

पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. त्यांच्या आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामात गेली. मला निदान चार शब्द तरी नीट माहीत असावेत म्हणून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडून हिब्रू शब्दांचा कोश आणला होता, तो आज उघडला.

'योम' म्हणजे दिवस. पहिल्याच अध्यायात, पाचव्या वचनात, देव प्रकाशाला योम म्हणतो, म्हणजे रात्र वगळून. त्याच वचनाच्या शेवटी संध्याकाळ आणि सकाळ धरून पुन्हा योम. आणि दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आकाश आणि पृथ्वी केली त्या सगळ्या काळाला मिळून एकच योम. आणि सूर्य? तो चौथ्या दिवशी. पहिले तीन दिवस सूर्याशिवायच उजाडले आणि मावळले. तेव्हा ते कुणाच्या घड्याळाने मोजायचे? सातव्या दिवसाला तर 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली' हे शब्दच नाहीत. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय सांगतो की देवाच्या त्या सातव्या दिवसाच्या विसाव्यात जायची वाट अजून उघडी आहे. म्हणजे तो दिवस अजून संपलेला नाही. हे आज वाचताना मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. अजिंक्यताऱ्यावर ऊन पडलं होतं. आपण अजून सातव्या दिवशीच आहोत, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय, अकरावं वचन. सहा दिवसांत परमेश्वराने सगळं केलं, म्हणून तू सहा दिवस काम कर आणि सातव्या दिवशी विसावा घे. आमचे पाळकसाहेब याच वचनावर बोट ठेवतात. ते चोवीस तासांचेच दिवस मानतात, पप्पाही तसंच मानायचे. त्यांच्या विश्वासाने मी वाढले, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दिवस लांब धरणाऱ्यांनी शास्त्र सोडलं, असं यापुढे माझ्याने म्हणवणार नाही. उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी याच दिवसांपाशी अडले. पुन्हा पुन्हा त्यांनी उत्पत्तीवर लिहिलं, आणि हे दिवस आपले नेहमीचे दिवस नसावेत असं त्यांना वाटलं. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ ला. म्हणजे विज्ञानाला घाबरून कुणी हा अर्थ नव्याने शोधून काढला, असं नाही. ऑगस्टीननी हेही बजावलंय की पृथ्वी-आकाशाविषयी जाणकारांसमोर ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलला, तर ऐकणारा शास्त्रालाच हसतो. नाताळच्या जेवणात मी तेच केलं.

आणि स्कॉटलंडचा ह्यू मिलर. पाथरवट होता तो. दगड फोडता फोडता भूशास्त्र शिकला, आणि मरेपर्यंत कडवा ख्रिस्ती राहिला. उत्पत्तीतले दिवस म्हणजे मोठाली युगं, असं तो मानायचा. दादाच्या विहिरीवर सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या त्या पोरांकडे बघताना मला पुढच्या वेळी मिलर आठवेल.

मग माझ्या विश्वासातलं काय हललं? हे मी आज स्वतःला सरळ विचारलं. सृष्टी देवाने केली, हे नाही हललं. 'बारा' हे हिब्रू क्रियापद (आपल्या आकड्याशी याचा संबंध नाही) शास्त्रात निर्माण करणं या अर्थाने फक्त देवासाठी येतं. पहिल्या अध्यायात ते तीन ठिकाणी आहे. आकाश आणि पृथ्वी केली तिथे, समुद्रातले मोठे जलचर केले तिथे, आणि मनुष्य केला तिथे, त्या एका वचनात तर तीनदा. मनुष्य हा योगायोगाने घडलेला जीव आहे असं मी मानत नाही, मानणार नाही. देवाने त्याला आपल्या प्रतिरूपाचा केलं. आमच्या गल्लीतली अंथरुणाला खिळलेली म्हातारी, जिला आता स्वतःचं नावही सांगता येत नाही, तिच्यातही ते प्रतिरूप आहे. मी तिला भरवायला जाते ते त्याचसाठी. 'आपापल्या जातीप्रमाणे' या शब्दांवरही माझा विश्वास आहे. दादा शाळूचं बी पेरतो तेव्हा शाळूच येईल या भरवशावर पेरतो, आणि तो भरवसा देवाने घालून दिला. पण झाडांच्या वचनात देव स्वतः झाड लावताना दिसत नाही. तो पृथ्वीला सांगतो, तू उपजव. पृथ्वीला काम देतो. त्या कामाला किती वेळ द्यायचा, हे त्याने मला विचारून ठरवलं नाही.

आणि मग दुसऱ्या अध्यायाचं पाचवं वचन. शंभरदा वाचलं असेल. जमिनीची मशागत करायला कोणी मनुष्य नव्हता.

ढेकळाकडे बघितलं. पंचवीस फूट पाषाणाखालची माती. पाऊस पडला तिच्यावर, ऊन पडलं, आणि ती कुणीच नांगरली नाही. तिच्यात कुणी बैल घातले नाहीत, बांधावरून कुणी भांडलं नाही. माणूस नव्हताच. शास्त्र हेच सांगतंय आणि विहीरही हेच दाखवतेय. पुढच्या दोन वचनांनंतर परमेश्वर देव वाकून जमिनीतली माती घेतो आणि मनुष्य घडवतो. हिब्रूत मातीला 'अदामा' म्हणतात, म्हणून त्याचं नाव आदाम. तांबडा या अर्थाचा शब्दही त्याच घराण्यातला आहे. माझी बोटं गुरुवारी लाल झाली होती. साबणाने धुतली तरी नखांच्या कडेला थोडा रंग राहिला होता, तो मी तासभर बघत बसले असेन. इतकी माती त्याने आधीच करून ठेवली होती, थरावर थर, आणि ती नांगरायला कुणी नसताना. कुणासाठी?

संध्याकाळी भाच्याला फोन केला. नाताळात बोलले ते चुकलं म्हणून सांगितलं. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, सदतीस फुटांवर ओल लागलीय."

मंगळवार

शेवटचा तक्ता नवा केला. खाली फक्त लिहिलं, 'देवाने पाहिले की हे चांगले आहे.'

आज मुलांसमोर ढेकूळ ठेवलं. आधी कुणी हात लावेना, मग सगळ्यांनीच लावला, आणि प्रत्येकाची बोटं, दोघांच्या वह्या, एकीचा पांढरा फ्रॉक लाल झाला. ही माती कुठून आली ते सांगितलं, वर केवढा पाषाण होता तेही. किती जुनी, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, जे दगडांचा अभ्यास करतात ते साडेसहा कोटी वर्षं सांगतात, शास्त्राने आकडा दिलेला नाही, आणि केली ती देवानेच. त्याला ते पुरलं. लगेच पुढचा प्रश्न, डायनासोर कुठल्या दिवशी? त्यावर मला बराच वेळ बोलावं लागलं.

पाळकसाहेब दारात उभं राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, "दिवसांचं आपण एकदा बसून बोलू." मी म्हटलं, बसू. रागावले नव्हते. मला वाटतं त्यांनाही ते ढेकूळ हातात घ्यायचं होतं, कारण जाताना त्यांनी एक तुकडा उचलून बोटात फिरवला आणि परत ठेवला.

सगळ्यात मागे बसणारा एक मुलगा आहे, कधी तोंड उघडत नाही. घरी शेती आहे त्यांच्या. वर्ग सुटल्यावर थांबला आणि विचारलं, "टीचर, ह्या मातीत कधीच काही पेरलं नाही कुणी?"

म्हटलं, नाही.

"मग आपण पेरू?"

भाजलेली माती, तिच्यात काही उगवेल की नाही मला माहीत नाही. त्याने ती दह्याच्या रिकाम्या डब्यात चुरून भरली, मी घरून आणलेली मूठभर मेथी दिली. आठ-दहा दाणे त्याने बोटाने एकेक करून खोचले आणि वर अगदी थोडं पाणी शिंपडलं. डबा चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीत ठेवलाय.

शुक्रवार

सकाळी व्हीबीएसच्या आधी जाऊन पाहिला. माती ओली होती. तो मुलगा माझ्याआधीच येऊन पाणी घालून गेला होता.