मोजणारे स्वयंसेवक असतात, मग पैसा कशाला?

पाणपक्ष्यांच्या गणनेत मी सहभागी होतो हे समजल्यावर एक प्रश्न हमखास येतो: पक्षी मोजणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, मग या कामाला पैसा कशाला लागतो, आणि तो एका देशाने दुसऱ्या देशाला का द्यावा? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून सुरू आहे आणि वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था तिचे समन्वयन करते. उत्तरेत वीण करणारी बदके, हंस आणि चिखलपक्षी जानेवारीत आपापल्या हिवाळी पाणथळींवर स्थिरावलेले असतात, म्हणून मुख्य मोजणी त्याच महिन्यात होते. मात्र एका तळ्यावरची संख्या एकटी फारसे काही सांगत नाही. पाणथळींच्या संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या एका निकषानुसार, एखाद्या प्रजातीच्या किंवा उपप्रजातीच्या समूहातील किमान एक टक्का पक्षी जिथे नियमितपणे येतात, ती पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली जाते. त्या टक्केवारीचा अंश आपण मोजू शकतो. छेद, म्हणजे त्या समूहातील एकूण पक्षी, मात्र संपूर्ण स्थलांतरमार्गावरच्या देशांनी मिळून मोजावा लागतो, आणि त्यांपैकी दोन-तीन देशांत कोणी पोचलेच नाही तर तो छेदच डळमळीत होतो.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. हिवाळे सौम्य होऊ लागल्यापासून युरोपात टफ्टेड डक आणि गोल्डनआय या बदकांचे हिवाळी मुक्काम ईशान्येकडे सरकले आहेत. दक्षिणेकडच्या देशाने केवळ आपली आकडेवारी पाहिली तर त्याला घट दिसेल, उत्तरेकडच्याला वाढ दिसेल आणि दोघेही चुकीचा निष्कर्ष काढतील. मोजणी चुकलेल्या वर्षांचे आकडे इतर ठिकाणांच्या कलावरून अंदाजाने भरता येतात हे खरे, पण एखादा सबंध प्रदेशच गप्प असेल तर तो अंदाज दूरच्या देशांच्या भरवशावर राहतो, आणि संवर्धनाचे निर्णय अशा अंदाजावर घेणे मला धोक्याचे वाटते.

म्हणूनच डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स हे वाडन समुद्राचे, म्हणजे उत्तर समुद्राच्या काठावरील उथळ, चिखलपट्ट्यांच्या किनाऱ्याचे, तीन देश पश्चिम आफ्रिकेतील मोजणीला साहाय्य करतात. त्यांच्या चिखलपट्ट्यांवर पोसलेले पक्षी मॉरिटानियातील बांक दार्गें या किनारपट्टीवर आणि गिनी-बिसाऊच्या बिजागोस बेटांवर हिवाळा काढतात. तिथे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून होडीने फिरावे लागते, त्यामुळे इंधन, दुर्बिणी, प्रशिक्षण आणि वाटाड्यांचे मानधन या सगळ्यांचा खर्च येतो. या पक्ष्यांच्या पूर्व अटलांटिक स्थलांतरमार्गावर २०१४, २०१७ आणि २०२० मध्ये झालेल्या व्यापक गणना अशा सहकार्यामुळेच शक्य झाल्या. यजमान देशावर केलेला हा उपकार नव्हे: आपल्याच किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे काय होते आहे, हे त्या तीन देशांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळले नसते.

देखरेख वेळेवर झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू या बारीक, बाकदार चोचीच्या पक्ष्याची घरटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैबेरियातील तारा या ठिकाणाजवळ सापडली होती. त्यानंतर त्याची वीण नेमकी कुठे होते हे कधीच निश्चित झाले नाही. मोरोक्कोतील मेर्जा झेर्गा येथे १९९५ मध्ये त्याची शेवटची निर्विवाद नोंद झाली आणि २०२५ मध्ये तो नामशेष घोषित झाला. केवळ मोजणीने तो वाचला असता असे मी म्हणणार नाही, पण घट कुठे आणि केव्हा सुरू झाली हे वेळेत कळले असते तर प्रयत्नांना दिशा तरी मिळाली असती.

निधीच्या रकमेपेक्षा त्याच्या मुदतीची मला अधिक काळजी वाटते. अनुदान बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी मिळते. संख्येचा कल स्पष्ट व्हायला मात्र दशके लागतात. प्रकल्प संपला की राष्ट्रीय समन्वयकाचे पद जाते, आणि स्वयंसेवकांना एकत्र आणणारे, नोंदी तपासून पुढे पाठवणारे माणूसच उरत नाही. मला निवड करायला सांगितली तर एका मोठ्या मोहिमेऐवजी ते एक पद वीस वर्षे टिकवायला मी पैसे देईन.