आभाळ गुड की बॅड?

इंग्रजीतले विरुद्धार्थी शब्द शिकवायला सोपे, असं सगळेच सांगतात. बिग-स्मॉल, टॉल-शॉर्ट इथवर ते खरंही आहे. वर्गातली सगळ्यात उंच पोरगी आणि सगळ्यात बुटका पोरगा शेजारी उभे केले की काम होतं, वर हशाही पिकतो. निसर्गाचा धडा लागला की मात्र पंचाईत होते. हॉट-कोल्ड, डीप-शॅलो, वेट-ड्राय ही मंडळी कार्डावर समोरासमोर गुण्यागोविंदानं उभी असतात. आमच्या दुष्काळी माणदेशात तसं कुणी उभं राहत नाही.

आमची माणगंगाच घ्या. कार्डावरची नदी निळीशार, काठाला बदकं. आमच्या मुलांच्या ओळखीची नदी म्हणजे वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू आणि वेड्या बाभळी. तिला डीप म्हणायचं की शॅलो, हा प्रश्नच येत नाही. म्हणून मी डीपसाठी विहीर धरते. वाकून बघितलं की आई ओरडते, ती डीप. पाझर तलावाच्या कडेला जेमतेम पोटऱ्या भिजतात, ते पाणी शॅलो. (तळाला थेंब नसला तरी विहीर डीपच असते, हे इथं कुणाला समजावावं लागत नाही.)

खरी गंमत गुड वेदर-बॅड वेदरची. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि त्याच्या मागोमाग थंड मुलखातलं हवामानही वर्गात शिरलं. त्या हवामानात ऊन म्हणजे आनंद आणि ढग म्हणजे सहल बुडाली. मुलांनी कार्डं दोन गठ्ठ्यांत लावायची होती. काळंकुट्ट आभाळ त्यांनी बिनदिक्कत गुडखाली ठेवलं. मी नुसतं बघितलं, तर एक जण म्हणाला, "आभाळ आलंय की वो बाई, वंगाळ कसं?" एका पोरीनं हसरा सूर्य उचलला आणि बॅडखाली टाकला. कार्ड छापणाऱ्याच्या हिशेबानं सगळं चूक. मी सगळ्यांना बरोबरची खूण केली. वेट-ड्राय पर्जन्यमापकानं ठरवता येतं. गुड-बॅड ठरवताना ज्याचं त्याचं शेत मध्ये येतं, आणि यायलाच हवं.

वेट-ड्रायसाठी आम्हांला जिल्हाही ओलांडावा लागत नाही. साताऱ्याच्या नकाशात पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला आम्ही, ५०० च्या आसपास, तोही पडला तर. ढग सह्याद्रीवर चढता चढता रिकामे होतात, आमच्या वाट्याला वारा तेवढा येतो. 'वेट महाबळेश्वर, ड्राय म्हसवड' हे पोरं ठेका धरून म्हणतात. तालात बसतं, फळ्यावर छान दिसतं, तपासणीला आलेले साहेबही खूश होतात.

पण वर्गात अधूनमधून एक मेंढपाळाचा पोरगा असतो. दिवाळी झाली की या लोकांचे कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, कारण तिथल्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं मोकळी घरंच जास्त. त्याला मी हौसेनं उभं केलं. म्हटलं, सांग बघू, कोकण वेट का ड्राय? माझी अपेक्षा उघडच होती.

"ड्राय," तो म्हणाला. बाकीची पोरं हसली. तो हलला नाही. "आमी जातो तवा ड्रायच असतंय, बाई. वेट व्हायच्या आत मेंढरं घिऊन म्हागारी येतो."

यावर काय बोलणार? म्हसवडही ऑगस्टातल्या एखाद्या संध्याकाळी वेट असतंच की. तेव्हापासून या जोडीचं कार्ड वर धरायच्या आधी मी पोरांना महिना विचारते. तास लांबतो, पुस्तकातला पुढचा धडा मागं पडतो. पडू दे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा तो पोरगा परत आलेला असेल, मग कोकणाच्या कार्डावर कुठले महिने लिहायचे ते त्यालाच विचारायचंय.