मेघकक्ष, नोंद 4: पावसाळी चाचणी आणि ‘व्ही’ दिसला तर

मेघकक्ष म्हणजे अल्कोहोलच्या वाफेत अदृश्य किरणोत्सारी कणांच्या वाटा रेघांसारख्या दाखवणारी पेटी. पेटी आधीच्या नोंदींतलीच: 20 × 20 × 15 सेंमीची, पालथी घातलेली माशांची काचेची टाकी. खाली मॅट काळा रंग दिलेला 3 मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. आत वरच्या बाजूला फेल्टची पट्टी, तिच्यात 30 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते 99 टक्केच हवं. 70 टक्केवाल्यातलं पाणी पत्र्यावर गोठून बसतं.

मुंबईच्या जुलैत खरा त्रास हवेतल्या ओलाव्याचा. पत्रा आधी ड्राय आइसवर (उणे 78 अंश) ठेवून मग टाकी झाकली, तर पत्र्यावर पांढरा हिमाचा थर धरतो आणि काळा रंग फुकट जातो. म्हणून क्रम उलटा: आधी तासभर एसी, मग टाकी पत्र्यावर बसवून कडा फोमटेपने बंद, आणि शेवटी सगळं उचलून ड्राय आइसच्या चुऱ्यावर. नंतर एसी-पंखा बंद, खिडकी उघडी. वर कोमट पाण्याचं ताट ठेवलं की रेघा ठळक येतात. काचेवरचं दव पुसत राहायचं.

कणांचा स्रोत म्हणून लाल टोकाचा, 2 टक्के किरणोत्सारी थोरियम असलेला टिग वेल्डिंगचा टंगस्टन रॉड. नागदेवी स्ट्रीटला विचारावा. तो घासायचा किंवा कापायचा नाही, धूळ श्वासात जाता कामा नये. पत्र्यापासून 5 मिमी वर धरावा, कारण रेघा उमटतात त्या तळालगतच्या एक-दोन सेंमी थरातच.

पंधरा मिनिटांत अल्फा कणांच्या (हीलियमच्या केंद्रकांच्या) रेघा येतात: जाड, आखूड, पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. बीटाच्या (इलेक्ट्रॉनच्या) केसासारख्या बारीक आणि वेड्यावाकड्या. वळलेली रेघ दिसली की, अल्फा मागे फिरतात यावरून अणूचं केंद्रक ओळखणारा रदरफोर्ड आठवतो, पण ती बहुतेक बीटाचीच असते. 1909 मध्ये त्याचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांना प्लॅटिनमवरून मागे फिरलेले अल्फा सुमारे 8000 मध्ये 1 एवढेच मिळाले होते. धातूपेक्षा विरळ असलेल्या हवेत तर ते फारच दुर्मीळ. भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेटने 1925 मध्ये मेघकक्षाच्या सुमारे 23,000 छायाचित्रांतल्या चार लाखांवर रेघा तपासल्या, तेव्हा नायट्रोजनच्या केंद्रकात अल्फा शिरल्याचे फाटे मिळाले फक्त 8.

मग एका संध्याकाळी दिसलेला ‘व्ही’, म्हणजे एका टोकाला जुळलेल्या दोन रेघा, कसला? बहुधा थोरियमपासून निघणाऱ्या थोरॉन या किरणोत्सारी वायूचा. त्याचा अणू एक अल्फा सोडून पोलोनियम-216 होतो, आणि तोही जागच्या जागी दुसरा अल्फा सोडतो, अर्धायुष्य 0.15 सेकंद. सेकंदाला 60 चौकटींनी चित्रण केलं तर हे साधारण 9 चौकटींचं अंतर. दोन्ही बाहू एकाच चौकटीत उमटले की मागेपुढे, हे बघूनच वहीत लिहावं.