फोडलेल्या क्यूबची गिट्टी आणि पाझराचा आकडा

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मला सच्छिद्र काँक्रीट मिळालं. वाळू जवळजवळ नाहीच, गिट्टी जुन्या काँक्रीटची, सिमेंटमध्ये काही भाग कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची राख आणि वरून पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू. यातून पाणी किती वेगाने खाली जातं ते मोजायचं होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून नागपुरात असा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त ‘मग सगळे सिमेंट रस्ते उखडून हेच टाका ना’ असं म्हणणाऱ्यांना आवरावं लागतं.

गिट्टी शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रत्येक सिव्हिल प्रयोगशाळेच्या मागे ताकदीच्या चाचणीत फोडलेल्या क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांचा ढीग असतोच. तो क्रशरमधून काढला आणि १० मिलीमीटरमधून खाली येणारी पण ४.७५ च्या चाळणीवर राहणारी तेवढी घेतली. खरी मेहनत धुण्यात गेली. अशा गिट्टीला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो आणि त्याची भुकटी काँक्रीटमध्ये गेली की जी भोकं आपल्याला हवीत तीच बुजतात. शिवाय हा मसाला पाणी पितो. बेसाल्टची ताजी गिट्टी वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शोषते, ही सहज त्याच्या कितीतरी पट. म्हणून रात्रभर भिजवून, फडक्याने पुसून, आतून ओली पण वरून कोरडी अशा अवस्थेत ती वापरायची. पुस्तकात हे एका ओळीत येतं. मे महिन्यात मात्र वजनकाट्यापर्यंत नेईस्तोवर वरचे दाणे पांढरे पडतात. त्यामुळे घमेल्यावर ओलं बारदान टाकून, मिश्रण सकाळी ऊन चढायच्या आत करायचं असं ठरलं.

या काँक्रीटमध्ये पाणी-सिमेंट गुणोत्तर साधारण ०.२७ ते ०.३५ च्या मधे असतं. इतक्या अरुंद पट्ट्यात स्लम्पचा, म्हणजे ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते मोजणाऱ्या चाचणीचा काही उपयोग नाही, हातच लागतो. मूठभर मिश्रण दाबून गोळा करायचा. तो भुरभुरला तर पाणी कमी. हाताला लगदा लागून चमकायला लागला तर जास्त, आणि मग तोच लगदा खाली ओघळून साच्याच्या तळाशी बसतो. वरून नमुना छान जाळीदार आणि खालून बंद! असा नमुना दिसायला फसवा असतो. म्हणून साचा उघडला की मी आधी पालथा करून बूड बघायचो. प्रयोगशाळेतले काका एकदा नमुना उचलून म्हणाले, “काय बनवून राहिला भाऊ? हे तं मुरमुऱ्याचा लाडू झाला.” उपमा इतकी चपखल होती की सादरीकरणातही मी तीच वापरली.

तंतूंनी वेगळाच त्रास दिला. पिशवीतून थेट मिक्सरमध्ये टाकले की त्यांचे गुंते होतात, आणि गुंत्याभोवती सिमेंट पोहोचतच नाही. ते हाताने सोडवत कोरड्या मिश्रणावर भुरभुरावे लागतात. घनफळाच्या ०.१ टक्का म्हणजे घनमीटरला किलोच्या आतच, पण तेवढ्यातही हात भरून येतात. थोड्या तंतूंनी पाझरात फारसा फरक दिसला नाही. जास्त टाकले त्या नमुन्यांत पाझर वाढला, मार्गदर्शक सर खूशही झाले. पण नमुना मधोमध कापून पाहिला तर आत गुंत्यांच्या जागी पोकळ्या. हा पाझर ताकदीच्या बदल्यात घेतलेला होता. तंतूंपेक्षा कितीतरी जास्त फरक पडला तो साच्यात मिश्रण बसवताना सळईने किती ठोके दिले याने. माझ्या मते अशा प्रबंधांत मिश्रणाच्या तक्त्याला जेवढी पानं मिळतात तेवढी ठोकण्याच्या पद्धतीलाही मिळायला हवीत.

पाझर मोजायला उतरत्या पातळीची पद्धत घेतली: नमुन्यावर पारदर्शक नळी, त्यात पाणी, आणि पातळी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर यायला लागणारा वेळ. सूत्र सोपं आहे, कडा अवघड. नमुन्याची बाजूही जाळीदार असल्याने पाणी आतून जाण्याऐवजी कडेने निसटतं आणि आकडा उगाच फुगतो. गाडीच्या ट्यूबचं रबर ताणून चढवलं, वर क्लॅम्प आवळले, सांध्यात लांबी (पुटी) भरली. शिवाय नमुना खालून हळूहळू पाण्याने भरायचा, म्हणजे अडकलेली हवा वरून निघून जाते. हे काँक्रीट इतकं मोकळं असतं की पाणी दार्सीच्या नियमाला (पाझराचा वेग पाण्याच्या दाबाच्या प्रमाणात मानणाऱ्या सूत्राला) लागतं तसं शांत वाहत नाही. म्हणून कोणत्या उंचीवरून कोणत्या उंचीपर्यंत वेळ घेतला हे आकड्याशेजारी लिहिलंच पाहिजे.

आता आकड्याचा अर्थ. चांगल्या सच्छिद्र काँक्रीटमधून सेकंदाला दोन ते पाच मिलीमीटर पाणी जातं असं धरतात. दोन धरले तरी तासाला ७,२०० मिलीमीटर होतात. एवढा पाऊस कुठेच पडत नाही. म्हणजे प्रश्न काँक्रीटचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. ती ओली होऊन फुगली की पाणी घेणं जवळपास थांबवते. खाली २५० मिलीमीटर जाड खडीचा थर दिला आणि त्यात ४० टक्के पोकळी धरली, तर १०० मिलीमीटर पाऊस मावतो. तो बाहेर काढायला छिद्रांचा पाइप द्यावाच लागतो, नाहीतर मातीच वरचा थर उचलते.

प्रयोगशाळेबाहेर एक छोटी लादीही ओतली. तिच्यावर ३०० मिलीमीटर व्यासाचं कडं लांबीने चिकटवून पाणी ओतायचं आणि वेळ घ्यायचा, अशी जागेवरची चाचणी असते. उन्हाळ्याची धूळ बसल्यावर तीच लादी कितीतरी सावकाश पाणी घेऊ लागली. झाडूने झाडलं तर धूळ आणखी आत जाते. व्हॅक्यूमने ओढून काढली तरच भोकं मोकळी होतात. दुचाकी पार्किंगसाठी हेच काँक्रीट टाकायचं अंदाजपत्रक आता सरांनी मागितलं आहे. त्यात सिमेंटच्याही आधी मी व्हॅक्यूम मशीनच्या भाड्याची ओळ लिहिली आहे.