चव्वेचाळिसाव्या वर्षी दृढीकरण

धाकट्या बहिणीला मुलगा झाला आणि तिने फोनवरच सांगून टाकलं, "दादा, गॉडफादर तूच." बाप्तिस्म्यात बाळाचा धर्मपिता व्हायला मी लगेच हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं? काय लागतं ते चर्चच्या ऑफिसात कळलं. क्लार्कने बाप्तिस्म्याची जुनी वही काढली. माझं नाव सापडलं, त्यांचं बोट आडवं सरकत समासापर्यंत गेलं आणि थांबलं. वरच्या-खालच्या बहुतेक नावांपुढे समासात बारीक अक्षरात दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराची, तारीख होती. माझ्यापुढे काहीच नाही.

"कन्फर्मेशन राहिलंय तुमचं."

राहिलंच होतं. मी शाळेत असताना आमची वसई मुंबई धर्मप्रांतात होती. वेगळा धर्मप्रांत 1998 साली झाला. दृढीकरण द्यायला बिशप मुंबईहून यायचे. ते आले त्याच आठवड्यात मला कावीळ. पुढच्या वेळी दहावी आडवी आली, मग कॉलेज, मग नोकरी. कुणी विचारलं नाही, मीही आठवण करून दिली नाही. आता मात्र सुटका नव्हती. गॉडफादर कॅथलिक हवा, त्याला 16 वर्षं पूर्ण हवीत, तो मुलाचा बाप नसावा आणि त्याचं दृढीकरण झालेलं हवं. शेवटच्या अटीवर मी नापास.

फादर म्हणाले, मोठ्यांचा वर्ग सुरू होतोय, दर गुरुवारी रात्री आठला, चौदा आठवडे. म्हणजे ऑफिसातून वेळेत सुटून चर्चगेटची विरार फास्ट पकडायची, वसई रोडला उतरून धावत रिक्षा गाठायची आणि जेवणाआधी धर्मशिक्षण. सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून नाव दिलं. दुसरं काही मनात नव्हतं.

वर्ग मुलांच्या खोलीत भरायचा. बाक लहान, गुडघे अडकायचे. आम्ही सात जण. लग्न ठरलेला एक मुलगा, एक निवृत्त नर्स, केळीची बाग असलेले एक काका आणि एक वहिनी. या वहिनी हिंदू. त्यांना कुठलाही संस्कार घ्यायचा नव्हता. "मुलगी घरी येऊन काहीतरी विचारते आणि नवरा म्हणतो फादरना विचार, म्हणून आलेय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

पहिले तीन आठवडे मी घड्याळ बघत काढले. शिकवणाऱ्या सिस्टरनी एकदा विश्वासाची प्रार्थना प्रत्येक वाक्यावर थांबत म्हणायला लावली. लहानपणापासून दर रविवारी म्हणतोय ती. एकोणतीसचा पाढा कुणी मधूनच म्हणायला सांगावा तसं झालं. पुन्हा सुरुवातीला जाऊन धावत यावं लागलं.

चौथ्या गुरुवारी विषय होता पवित्र आत्मा. सिस्टर म्हणाल्या, मूळ हिब्रू शब्द रूआह. त्याचा अर्थ वारा, श्वाससुद्धा. त्यावर वहिनी सहज म्हणाल्या, "म्हणजे अंगात वारं येतं तसं?"

खोलीत शांतता. मला वाटलं, आता सिस्टर रागावणार. त्या हसल्या आणि बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय उघडून म्हणाल्या, लोकांना तेव्हाही तसंच काहीसं वाटलं होतं. जोराच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, शिष्य निरनिराळ्या भाषा बोलू लागले आणि बघणाऱ्यांतले काही म्हणाले, हे प्यायलेत. पेत्राला उभं राहून सांगावं लागलं की अहो, अजून सकाळचे नऊ वाजलेत.

मी हा उतारा किती वेळा ऐकला असेन. त्यात कुणी हसण्यासारखं काही बोललंय, हे कधी कानात शिरलंच नव्हतं.

वहिनींनी पाठ सोडली नाही. "मग बाहेरून दारू प्यायल्यासारखंच दिसत असेल, तर खरं कुठलं ते ओळखायचं कसं?" सिस्टर म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. बाळाचा बाप्तिस्मा लांबवायला सासरचे तयार नव्हते, आणि त्यांचं चूक नव्हतं. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो करावा असं चर्चही सांगतं. गॉडफादर म्हणून आमचा चुलतभाऊ ठरला. मी मोकळा. बायको म्हणाली, "आता गुरुवारी लवकर घरी येशील." मी गप्प बसलो. मला वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं होतं.

उत्तर पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात निघालं. आत्म्याचं फळ म्हणून तो नऊ गोष्टी मोजतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यादीत चमत्कार एकही नाही. केळीवाले काका एरवी बोलायचे नाहीत, ते म्हणाले, "बरोबर आहे. पान बघून माणूस फसतो. घड आला की कळतं राजेळी का वेलची." सिस्टरनी ते फळ्यावर लिहून घेतलं. मी यादीतल्या चौथ्या शब्दाशी अडकलो. सकाळी विरार लोकलमध्ये दारातल्या माणसाशी भांडून आलो होतो.

पुढचे आठवडे भराभर गेले. शेवटी पापनिवेदन. अकरा वर्षांनी. त्याबद्दल लिहिणार नाही. एवढंच सांगतो की बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दृढीकरणाच्या दिवशी शाळकरी पोरांच्या रांगेत आम्ही तिघे टकलू-पिकलेले. माझ्यामागे माझेच बाप्तिस्म्याचे गॉडफादर, मामा, वय 78. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. तो हात आधार देत होता की घेत होता, कळत नव्हतं. बिशपनी अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढला. ऑलिव्हचं तेल, त्यात सुगंधी बाल्सम. वास रात्रीपर्यंत गेला नाही.

घरी आईने पहिला प्रश्न विचारला, "गालावर मारलं का?" तिच्या वेळी बिशप हलकी चापट मारायचे, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव म्हणून. मी सांगितलं, 1971 साली विधी बदलला, आता चापट नाही.

"मग झालं कसं?" असं म्हणून तिनेच मारली.