खारा वारा आणि माझं पिंप

वेंगुर्ल्याला घरामागच्या माडांत मांस धुरावर शिजवायचं माझं लोखंडी पिंप आडवं ठेवलंय. वेल्डरकडून एका टोकाला छोटी भट्टी जोडून घेतली, दुसऱ्या टोकाला धुराडं. आग एकीकडे, मांस दुसरीकडे, मधून जाते ती फक्त गरम हवा आणि धूर.

पहिल्यांदा कोंबडी केली. जितका धूर तितकी चव, अशी माझी समजूत. म्हणून धुराडं अर्धं झाकून लाकडं दोन तास धुमसत ठेवली. पांढराफटक, दाट धूर. कोंबडी दिसायला झकास, पण पहिल्याच घासाला जीभ बधिर. काजळी चाटल्यासारखी कडू. काकी म्हणाली, "जाळ खंय आसा? नुसतो धूरच केलंस."

चुकलं होतं तेच. लाकूड पुरतं जळलं नाही की कडू, डांबरासारखा थर मांसावर बसतो. आता धुराडं सताड उघडं असतं आणि आवर घालायचा तो भट्टीच्या झरोक्याने. आग लहान, पण जाळ हवाच. लाकूड आंब्याचं, वर्षभर वाळलेलं, मनगटापेक्षा बारीक फोडलेलं. आपल्याकडे पडवीतलं लाकूडही दमट होतं, म्हणून पुढची फाळी आधी भट्टीच्या डोक्यावर तापत ठेवतो. आत टाकली की लगेच पेट घेते आणि धुराड्यातून जेमतेम दिसेल असा निळसर धूर निघतो. (शेजाऱ्याने काजूची टरफलं सुचवली होती. त्यांच्या तेलाने हात भाजलेले मी पाहिलेत, धूर कोण खाणार?)

मग जानेवारीत 3 किलोचा डुकराचा खांदा लावला, हाडासकट. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून 100 दाखवतो ना, ते बघून घेतलं. सकाळी 6 ला सुरुवात. मतलई वारा मंद, पिंपात 115 अंश, पाऊण तासाला एक फाळी. वाटलं, जमलं.

साडेअकराला खारा वारा सुटला. आणि भट्टीचं तोंड नेमकं पश्चिमेला! बघता बघता काटा 160 वर. झरोका मिटला तर पुन्हा तोच पांढरा धूर. शेवटी कुंपणाचे उरलेले जांभ्याचे सहा चिरे ओढत आणून भट्टीसमोर आडोसा रचला. वीस मिनिटांत काटा खाली आला. माझी कंबर मात्र दोन दिवस धरली होती.

दुपारी मांस आतून 68 अंशांवर अडलं ते दोन तास हलेचना. माठ थंड होतो तसंच हे: वरचं पाणी उडत राहतं आणि मांस गार ठेवतं. आग वाढवायचा मोह झाला, पण हात आवरला. केळीचं पान निखाऱ्यावर शेकून मऊ केलं, त्यात खांदा गुंडाळला, वरून फॉइल. साडेपाचला 95 झाले. तासभर तसाच झाकून ठेवला आणि मग हाड ओढलं, ते कोरडं हातात आलं.

तोवर काकीने भट्टीतल्या निखाऱ्यांवर चार बांगडे भाजून घेतले होते. पहिले संपले ते बांगडेच.